उतरायची बारा मिनिटं

१८ फेब्रुवारी, बुधवार. गच्चीवर योगाच्या बावीस मॅट धुऊन वाळत घातल्या आहेत.

मंजू, या मॅटवर काय काय होतं ते सांगते. दिंडोरीची काळी माती, गवताच्या काड्या, कोणाचं तरी सनस्क्रीन, आणि एकीच्या कोपऱ्यावर द्राक्षाचा चिकट डाग, त्यावर मुंग्या. कपड्यांची पावडर यांना चालत नाही, रबर चिकट होतं. म्हणून रिठ्याचं पाणी केलं आणि एकेक घासली. तू असतीस तर पाइपने पाणी मारून मोकळी झाली असतीस आणि वर म्हणाली असतीस, ताई, पायाखालच्या वस्तूला किती जपायचं.

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. मन हलकं व्हावं म्हणून मी लिहीत नाहीये. मॅट वाळायला चार वाजतील आणि तोवर मला ठरवायचं आहे, एवढंच. वर्गाच्या ग्रुपवर पगारे मॅडमचा निरोप आला आहे. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या तरी निरोप अजून सूचनावहीतल्यासारखाच लिहितात: ‘उद्या सकाळी सहा वाजता आपण सर्व जणी हॉलवर जमणार आहोत. सुलभाताई आल्यास वर्ग होईल. न आल्यास हॉल झाडून, कुलूप लावून किल्ली परत करण्यात येईल.’ खाली बाकीच्या तेरा जणींचे अंगठे.

मला नाही म्हणायचं आहे. का, ते तुला माहीत आहे. पण तू ते कोणाला सांगितलं नसणार आणि मीही नाही, तेव्हा एकदा लिहून ठेवते.

आज सकाळी शेवंता आली होती. दिंडोरीच्या त्या रिसॉर्टवर खोल्या आवरणारी, तुझ्या वर्गात मागच्या ओळीत उभी राहायची ती. एका बागाईतदाराच्या पिकअपमधून मॅट घेऊन आली, चहा प्याली, अकराच्या बसने गेली. जाता जाता तिने एक गोष्ट सांगितली. ती मी शेवटी लिहीन. आधी माझी बाजू पुरी होऊ दे. गेले पाच महिने तू ती ऐकून घेतली नाहीस.

एकवीस वर्षं आपण एका घरात राहिलो. तू तळमजल्यावर, मी वर. मोठी जाऊ म्हणून तू मला ताई म्हणायचीस, अहोजाहो करायचीस आणि तरी हवं तेच करायचीस. मी सकाळी शाळेच्या प्रयोगशाळेत जायची. तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या मी, मुलांच्या हातून फुटलेल्या काचा वेचल्या. तू घरात असायचीस आणि घर तुला खायला उठायचं. पाठ दुखते म्हणायचीस. पाठ दुखत नव्हती, हे मला पहिल्या वर्षातच कळलं होतं. कुठेतरी रोज जायला हवं होतं तुला.

मग तुला कोणीतरी नाशिक रोडच्या आक्कांचं नाव सांगितलं. प्रेसमधून निवृत्त झालेल्या माणसाची विधवा, दोन खोल्यांचं घर, हॉलमधला सोफा भिंतीला लावून आठ बायका शिकतात. तुला एकटीला द्वारका चौक ओलांडून जायची भीती वाटायची. म्हणून मी तुला स्कूटर शिकवली. महिनाभर, संध्याकाळी, कॉलनीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर. ब्रेक दाबायच्या आधी तू डोळे मिटायचीस. मी मागे बसून तुझ्या पाठीत बोट खुपसायची. नंतर द्वारकाही तू ओलांडलीस, पण मी मागे बसलेली असतानाच. अशी आक्कांच्या आठ बायकांत नववी तू आणि दहावी मी झाले. मला योगबिग काही नको होतं. मी तुला पोचवायला आले होते.

तंत्रातला योग म्हटल्यावर घरात काय झालं ते आठवतं? सासूबाईंनी देवासमोर जास्तीचा दिवा लावला. सुधीरभावजींनी तुझ्या स्कूटरला लिंबू-मिरची बांधली आणि आठवडाभर स्वतःच हसले. आक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “भाकरी थापायलाही तंत्र लागतं. तुमच्या मिस्टरांना थापता येते का विचारा.”

आक्का त्याला पंचभूतांची फेरी म्हणायच्या. तुला सांगायला नको, पण हे दुसऱ्या कोणी वाचलंच तर त्याला कळायला हवं. आधी पृथ्वी. पाय रुंद, गुडघे वाकलेले, सगळं जड आणि संथ. मग जल. कंबर आणि कणा लाटेसारखा हलवायचा. मग अग्नी, पोटातून भरभर श्वास, मांड्या थरथरेपर्यंत. मग वायू, हात मोकळे, तोल एका पायावर. शेवटी आकाश. तिथे काही करायचं नाही, नुसतं राहायचं. मध्ये कुठे थांबायचं नाही. एकातून दुसऱ्यात श्वासाबरोबर वाहत जायचं, प्रत्येकाचा एकाक्षरी मंत्र मनात. पृथ्वी पाण्यात विरली, पाणी अग्नीत आटलं, अग्नी वाऱ्यात गेला, असं करत माणूस आकाशात विरघळतो. निदान तसं धरायचं.

बाकी शिकवणारे इथे थांबतात. आक्का थांबायच्या नाहीत. “आता परत या,” म्हणायच्या. आकाशातून वायूत, वायूतून अग्नीत, अग्नीतून पाण्यात, पाण्यातून जमिनीवर. मोजके श्वास प्रत्येकाला. आपण विरघळवलेलं अंग आपणच पुन्हा बांधायचं, दुसरं कोणी बांधायला येत नाही. मग टाचा तीनदा आपटायच्या, तळहात फरशीवर घासायचे, आणि शेवटी एकेकीने आपलं नाव सांगायचं आणि घरी जाऊन पहिलं काम कोणतं करणार ते मोठ्याने सांगायचं. मी अमुक, घरी जाऊन भेंडी चिरणार. मी तमुक, घरी जाऊन गॅसचा नंबर लावणार. हे झाल्याशिवाय कोणी चपला घालायच्या नाहीत. सगळं मिळून बारा मिनिटं.

मला तो सगळा प्रकार या बारा मिनिटांमुळे पटला. प्रयोग झाला की बर्नर बंद करायचा, नळ्या धुवायच्या, बाटल्या जागेवर ठेवायच्या. मुलं रंग बदलला की टाळ्या वाजवून पळतात. आवरणाऱ्याला प्रयोग किती खरा ते कळतं.

आणि आक्कांनी ते ओळखलं. तू अशी काही वाहायचीस, मंजू, की बाकीच्या बायका आपलं करायचं विसरून तुझ्याकडे बघायच्या. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ते माहीत होतं, मग कशाला सांगायचं, असं मला वाटायचं. माझं अंग लाकडासारखं. पण मला श्वास मोजता येत होते आणि कोणाचा गुडघा चुकतोय ते दिसत होतं. आजारी पडल्यावर आक्कांनी दोघींना बोलावून सांगितलं, “मंजू चढवेल, सुलभा उतरवेल.” वाटणी त्यांनी केली, आपण नाही.

आठ वर्षं आपण ती पाळली. कॉलनीच्या हॉलमध्ये, सकाळी सहाला. तू पुढे, मी घड्याळ घेऊन ओळींमधून फिरत. पाऊण तास तुझा. मग तू बाजूला व्हायचीस आणि मी पुढे यायची. “टाचा नीट आपटा, पाहुण्यासारख्या नको,” हे माझं वाक्य होतं. पगारे मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की त्या मंत्र म्हणणार नाहीत, श्वास मोजतील. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, मीही तेच करते. त्या दिवसापासून त्या माझ्या.

माझं ऑपरेशन झालं त्या वर्षीचंही लिहिते, नाहीतर म्हणशील की ताईंना वाईटच तेवढं आठवतं. गर्भाशय काढल्यावर तीन महिने मी वाकायला घाबरत होते. तू रोज दुपारी वर यायचीस, याच गच्चीवर मला उभं करायचीस आणि कंबरेवर दोन बोटं ठेवायचीस. दोनच. म्हणायचीस, ढकलत नाहीये, नुसती आहेत. त्या दोन बोटांभोवती मी पुन्हा हलायला शिकले. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत. तेव्हा त्याची गरज वाटली नाही आणि नंतर भांडण झालं.

भांडण रिसॉर्टमुळे झालं असं सगळे समजतात. रिसॉर्टला माझी हरकत नव्हती. शनिवार-रविवार मुंबई-पुण्याची माणसं येतात, द्राक्षबागा बघतात, वाइन पितात, मग सूर्यास्ताला हिरवळीवर तुझ्याबरोबर फेरी करतात. करू देत. बोर्डावर तू ‘तत्त्वप्रवाह’ असं लिहून घेतलंस. मी विचारलं तर म्हणालीस, फेरी म्हटलं की लोकांना भाजीवाला आठवतो. मी हसले. खरंच हसले होते.

पहिल्या दोन वेळा तू मला सोबत नेलंस. पाऊण तास तू त्यांना चढवलंस, आकाशाखाली आकाश, सगळे भारावलेले. मग मी पुढे आले आणि बारा मिनिटं सुरू झाली. नावं सांगायच्या वेळी एका मुलाने सांगितलं, मी रोहन, घरी जाऊन ऑफिसचे मेल बघणार. सगळे खो खो हसले. मला काही वाटलं नाही. उतरला होता की तो व्यवस्थित. पण तुझा पडलेला चेहरा मी पाहिला. 

तिसऱ्या वेळी म्हणालीस, ताई, तुम्हाला शाळेचं ऑडिट आहे ना, राहू द्या. ऑडिट नव्हतं. तिथली बारा मिनिटं तू काढून टाकलीस. माणसं आकाशात पडलेली असतानाच वर्ग संपायचा, ती डोळे पुसत उठायची, तुला मिठ्या मारायची.

हेही मी गिळलं. पण सप्टेंबरमधल्या एका सोमवारी आपल्या हॉलमध्ये, आपल्याच बायकांना, तू आकाशात नेलंस आणि हात जोडून म्हणालीस, आज इथेच थांबू या. मी घड्याळ हातात घेऊन पुढे यायला निघाले होते. चार पावलं टाकली होती मी, मंजू. चौदा बायकांसमोर मी तशीच उभी राहिले आणि मग मागे गेले.

बायका गेल्यावर मी विचारलं. तू मॅट गुंडाळत होतीस.

“ताई, लोक वर जायला येतात. खाली आणायला त्यांच्या घरचे आहेतच.”

मी म्हटलं, यांना आता स्कूटर चालवत घरी जायचं आहे, गॅस पेटवायचा आहे. वर नेऊन सोडून देतेस, ही कुठली रीत? तू म्हणालीस, आक्कांचा काळ वेगळा होता. मी म्हटलं, तू आता शिकवत नाहीस, करमणूक करतेस. हे लागणार होतं. लागावं म्हणूनच म्हटलं होतं.

तू मॅट खाली ठेवलीस. आवाज चढवला नाहीस.

“तुम्हाला मुळात वर जाताच येत नाही, ताई. आठ वर्षं नुसतं घड्याळ बघताय. म्हणून उतरायचं एवढं कौतुक.”

मी घरी चालत आले.

हे खरं होतं की नाही, हाच माझा नाही म्हणण्यामागचा प्रश्न आहे. खरं होतं. आकाश म्हणजे काय ते मला आजवर कळलेलं नाही. डोळे मिटले की मला दूधवाला आला असेल का ते आठवतं. एकदा, फक्त एकदा, गच्चीवर तू कंबरेला बोटं लावून उभी असताना मला वाटलं होतं की मी कुठेतरी निघाले आहे, आणि तेवढ्यात खालून तुझ्या कुकरची शिट्टी झाली. चढवणारी बाई मी नाही. अर्धा वर्ग घेऊन मी काय करू? पगारे मॅडमना हे कसं लिहू?

त्या सोमवारनंतर मी हॉलवर गेले नाही आणि तू वर आली नाहीस. एका घरात राहून हे किती सोपं असतं. पाण्याची मोटर, लाइटचं बिल, सासूबाईंचं वर्षश्राद्ध, सगळं भावजींमार्फत. फक्त लोणच्याची बरणी राहिली. कैऱ्या माझ्या माहेरच्या, बरणी तुझ्या माहेरची, निफाडहून आणलेली, चिनी मातीची, तपकिरी गळ्याची. खाली ओल येते म्हणून दर वर्षी मे महिन्यात भरली की ती माझ्याकडे असायची आणि तू एक दिवसाआड वाटी घेऊन वर यायचीस. वाटीपेक्षा गप्पाच जास्त. सप्टेंबरनंतर वाटी आली नाही. नोव्हेंबरमध्ये तुमच्या कचऱ्याच्या डब्यात मला विकतच्या लोणच्याचं पाकीट दिसलं. विकतचं, मंजू. घरात बरणी भरलेली असताना. मी ते पाकीट उचलून वाचलंही, कोणत्या तेलातलं आहे ते.

१ फेब्रुवारीला, रविवारी, सूर्यास्ताचा वर्ग संपवून तू रिसॉर्टवरून निघालीस. पुढे द्राक्षाच्या क्रेटने भरलेली ट्रॉली रस्त्यात उभी होती. मागे दिवा नव्हता. अजून पुरता अंधारही पडला नव्हता. बाकी जे आहे ते पोलिसांच्या कागदात आहे, तिथेच राहू दे.

सगळ्यांनी ट्रॉलीवाल्याला शिव्या दिल्या. मी नाही. मी मनात एकच विचारत होते, उतरली होतीस का? नसणार. हिरवळीवर माणसं आकाशात सोडून, मिठ्या घेऊन, तशीच गाडीवर बसली असणार. डोळे उघडे, पण तू वरच. मी सांगत होते. मी चौदा बायकांसमोर चार पावलं टाकून परत गेले होते आणि मी बरोबर होते. तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या बाईने असा विचार करू नये. केला. सतरा दिवस मी त्याच्यावर काढले. तू गेलीस याचं दुःख करण्यापेक्षा तुझं चुकलं याचा राग करणं मला सोपं गेलं. पाठीत बोट खुपसून ती गाडी तुला मी शिकवली, हा विचार जवळ आला की मी हा दुसरा विचार पुढे करायची.

दहाव्याला रामकुंडावर गेलो. मी ठरवून गेले होते. पिंड ठेवतील, कावळा लवकर येणार नाही, सगळे एकमेकांकडे बघतील, तिची काय इच्छा राहिली म्हणून कुजबुज होईल, मग मी पुढे होऊन म्हणेन, सकाळचा वर्ग मी चालवीन. वाक्य तोंडात तयार होतं. ते म्हणण्याइतपत तरी तू कावळ्याला अडवून ठेवशील असं वाटलं होतं.

गुरुजी बाजूला झाले आणि कावळा आला. एक नाही, तीन. रामकुंडावरचे कावळे ते, खाऊन खाऊन माजलेले. तरी सगळ्यांनी हात जोडले. भावजींच्या मावशी म्हणाल्या, “तृप्त गेली हो पोर. काही मागे ठेवलं नाही तिने.”

काही मागे ठेवलं नाही? माझ्याशीसुद्धा काही नाही? मला इतका राग आला की मी तीर्थ न घेताच पायऱ्या चढून वर आले. वाक्य तसंच तोंडात राहिलं.

आता शेवंताचं.

तिने मॅट उतरवल्या, ओट्यावर बसली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “त्या दिवशी म्याडमनी उतरवलं व्हतं सगळ्यांना.”

मी विचारलं, कोणत्या दिवशी?

“शेवटच्याच की. लोकं उठाया लागली तर म्हनल्या, बसा, अजून बारा मिन्टं हायेत. तुमच्यावानीच बोलल्या. टाचा नीट आपटा, पाव्हन्यासारख्या नको.” ती हसली, मग तिला वाटलं हसायला नको होतं. “म्हनल्या, हे माझ्या ताईंचं काम हाय, मला नीट जमत नाय, पर करून बघू. मंग समद्यांनी नावं सांगितली. मी बी सांगितलं. हसलं नाय कोनी.”

आणि तिने?

“त्या म्हनल्या, मी मंजूषा, घरी जाऊन ताईंकडून माझी लोणच्याची बरणी आणणार.” शेवंताने माझ्याकडे जरा चाचरत पाहिलं. “मला वाटलं, तुमचं नि त्यांचं बरणीवरून वाजलं असंल.”

मी हो म्हटलं. मी तिला चहा दिला. साखर घालायची राहिली हे ती गेल्यावर लक्षात आलं. बिचारी तशीच प्याली.

म्हणजे तू उतरली होतीस. नीट, बारा मिनिटं, टाचा आपटून, नाव सांगून. डोक्यात बरणी घेऊन गाडीवर बसलीस, यापेक्षा जमिनीवर माणूस किती असणार? आणि तरी ट्रॉली होती.

मला आनंद व्हायला हवा, असं कोणी म्हणेल. मी तुझ्यावर चिडले आहे. माझ्यापाशी एवढी एकच वस्तू होती, की मी बरोबर होते, तीही तू घेऊन गेलीस. पाच महिने तुला एक जिना चढता आला नाही आणि तिथे, अनोळखी माणसांपुढे, माझी नक्कल करता आली? आधी मला का सांगितलं नाहीस? मी तरी एक जिना उतरून का आले नाही, हे विचारशील. विचार. रोज दोनदा तुझ्या दारावरून जात होते.

आक्कांनी कधी म्हटलं नव्हतं की उतरलेल्या माणसाला काही होत नाही. ते मी धरून चालले होते. त्यांनी एवढंच सांगितलं होतं की जे सोडवलं ते परत बांधून ठेवा आणि घरी जाऊन कामाला लागा. जीव वाचवायचं औषध नव्हतं ते. आवरून ठेवणं होतं.

चार वाजत आले. मॅट वाळल्या आहेत. एकीचा द्राक्षाचा डाग गेला नाही. पगारे मॅडमना अजून काही लिहिलेलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार.

मॅट हॉलवर पोचवायच्याच होत्या, म्हणून पावणेसहाला रिक्षा केली. बावीस मॅट मांडीवर आणि पायाशी घेऊन गेले. सगळ्या आल्या होत्या. पुढची तुझी जागा मोकळी ठेवून बसल्या होत्या. पगारे मॅडमनी किल्ली हातात धरली होती.

“सुरू करा,” त्या म्हणाल्या.

मी सांगितलं, मला चढवता येत नाही. मंजू चढवायची. मला कधीच जमलेलं नाही आणि ते तिला माहीत होतं. हे मी पहिल्यांदाच मोठ्याने म्हटलं आणि कोणाला काही आश्चर्य वाटल्याचं दिसलं नाही. एकीने तर मान डोलावली. आठ वर्षं त्यांना माहीत होतं.

“मग आता?” पगारे मॅडम.

मी सगळ्यांकडे पाहिलं. एकीचा ब्लाउज उलटा घातलेला होता. एक दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून आली होती. अठरा दिवस झाले होते आणि त्यातली एकही जमिनीवर नव्हती.

“चढायचं काही नाही आज,” मी म्हटलं. “सगळ्या वरच आहात. उतरू या.”

मी तुझ्या जागेवर उभी राहिले नाही, एक हात बाजूला राहिले. आकाशातून वायू, वायूतून अग्नी, पाणी, जमीन. घड्याळ घरी विसरले होते, श्वासच मोजले. टाचा आपटल्या तेव्हा पंधरा बायकांचा एक आवाज झाला आणि खिडकीच्या काचा हलल्या. मग नावं. मी अमुक, घरी जाऊन चपला बदलणार. पगारे मॅडम म्हणाल्या, मी पगारे, किल्ली परत देणार नाही. ते घरी जाऊन करायचं काम नाही, असं मी त्यांना सांगितलं. मग म्हणाल्या, बरं, घरी जाऊन पोहे करीन.

शेवटी मी. “मी सुलभा. घरी जाऊन मंजूची बरणी खाली नेऊन ठेवणार.”

घरी आले. बरणी धुतली, पुसली, दोन तास उन्हात ठेवली आणि जिना उतरून तुझ्या ओट्यावर ठेवली. लोणचं आधी माझ्या डब्यात काढून घेतलं होतं. कैऱ्या माझ्या होत्या.